अक्षय्य तृतीयेचे शेततळे

सावित्रीबाई रहांगडाले यांनी उभ्या आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता. गेल्या दिवाळीच्या तोंडावर मात्र त्यांना शेजारच्या देवीदास रामटेकेकडे धानासाठी पाणी मागावे लागले. मागावे लागले, हे दुःख त्यांनी एकवेळ गिळले असते. परंतु देवीदासाने ते पाणी मागताक्षणी दिले. आढेवेढे नाहीत, अट नाही, ‘बघतो, सांगतो’ नाही. “घ्या न जी काकी, पानीच तं आहे,” एवढे म्हणून त्याने आपल्या बोडीवरचे, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावरचे, इंजिन सुरू केले आणि बिडी पेटवून तो पाठमोरा निघूनही गेला. मागणाऱ्याला घटकाभर थांबवावे, म्हणजे आपण काही मिळवले असे त्याला वाटते, ही साधी रीतभातही त्या माणसाला ठाऊक नव्हती. सावित्रीबाईंचा दीड एकर धान त्या पाण्यावर तरला. पण आपण कोणाच्या उपकारावर जेवतो आहोत, हा विचार त्यांच्या ताटापाशी रोज येऊन बसू लागला.

करंजटोला हे गाव तिरोड्याहून बोदलकस्याकडे जाताना डाव्या हाताला लागते, आणि नहराचे पाणी जिथे दमून थांबते तिथून अर्ध्या कोसावर सावित्रीबाईंचे शेत आहे. आषाढ-श्रावणात त्यांना पाण्याची ददात नसे. खरा प्रश्न येई तो धान निसवल्यावर, लोंबीत दूध भरताना. तेव्हाचे एक पाणी चुकले की दाण्याच्या जागी नुसते फोल हाती येते. म्हणून यंदा संक्रांतीला त्यांनी घरात जाहीर केले की, येत्या दिवाळीला आपल्या धानाला आपल्याच शेतातले पाणी मिळेल. त्यासाठी शेततळे खोदायचे, आणि ते सरकारी अनुदानातून खोदायचे.

“पन अनुदान मागनं म्हंजे मागनंच झालं न?” गोवर्धनराव म्हणाले.

गोवर्धनराव हे सावित्रीबाईंचे यजमान. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात अशी शंका त्यांनी फार थोड्या वेळा काढली होती, आणि प्रत्येक वेळी तिचा निकाल तिथल्या तिथे लागला होता.

“सरकार म्हणजे देवीदास नव्हे,” सावित्रीबाई म्हणाल्या. “सरकार अर्ज घेते, कागद मागते, महिनोन्‌महिने थांबवते. ज्याला देण्याची रीत कळते, त्याच्याकडून घेण्यात कमीपणा नसतो.”

सरकारने या बाबतीत त्यांची मुळीच निराशा केली नाही.

अर्ज संगणकावर भरायचा होता. गावच्या चौकात इंद्रकुमारचे केंद्र आहे. तिथे दाखले निघतात, फोटो निघतात आणि लग्नाच्या पत्रिकाही छापून मिळतात. इंद्रकुमार गोंदियात शिकून आलेला असल्यामुळे त्याचे निम्मे बोलणे हिंदीत चाले. त्याने एक लहानसे यंत्र पुढे सरकवले आणि म्हटले, “आजी, अंगूठा लगाव.” सावित्रीबाईंनी अंगठा ठेवला. यंत्राने तो नाकारला. मग तर्जनी नाकारली, मग मधले बोट, आणि असे करीत दोन्ही हात संपल्यावर त्याने एकंदर असा अभिप्राय दिला की, या बाईंना बोटे नाहीत.

“निशानच नाही येऊन राहिले, आजी. घिस गये.”

“घिसणारच,” सावित्रीबाई म्हणाल्या. “साठ पावसाळे चिखलात रोवणी केली आहे या हातांनी. तुझ्या यंत्राने केली आहे का?”

यंत्राने केलेली नव्हती. पण अधिकार त्याच्या हाती होता. ही बातमी सायंकाळपर्यंत गावभर झाली आणि सल्ले येऊ लागले. कोणी म्हणाले लिंबू चोळा, कोणी म्हणाले ग्लिसरीन लावा. पोलीस पाटलांनी रात्रभर बोटे लोण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय सांगितला आणि तो आपल्या आत्याला लागू पडल्याचेही सांगितले. आत्या हयात नसल्यामुळे खात्री करता आली नाही. सावित्रीबाईंनी हे सर्व उपाय एकामागून एक, वेळ न दवडता आणि तोंड वाकडे न करता केले. चार दिवस त्यांच्या हाताला उघड्या लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता. पाचव्या दिवशी डाव्या हाताच्या अनामिकेला यंत्राने मान्यता दिली. ज्या बोटाने त्यांनी जन्मात एकही महत्त्वाचे काम केले नव्हते, नेमके तेच सरकारला ओळखीचे वाटावे, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले.

पुढचे संकट मोबाईलवर येणाऱ्या सहा आकड्यांचे होते. हे आकडे आधारला जोडलेल्या क्रमांकावर येतात आणि दहा मिनिटांत मरतात. तो क्रमांक रायपूरला दिलेल्या थोरल्या लेकीकडे होता, आणि लेक बँकेत खिडकीवर बसत असल्यामुळे तिचा फोन दिवसभर खणात पडून असे. चार दिवस चार वेळा आकडे आले आणि बेवारस मेले. पाचव्या वेळी सावित्रीबाईंनी थेट बँकेच्या व्यवस्थापकांना फोन लावला. त्या त्यांना काय बोलल्या हे केंद्रात बसलेल्या सर्वांनी ऐकले, पण पुन्हा सांगण्याची कोणाची छाती नाही. इतके खरे की, व्यवस्थापक खुर्चीवरून उठून स्वतः फोन घेऊन खिडकीपाशी गेले आणि आकडे त्यांनीच, सावकाश, एकेक करून वाचून दाखवले.

“आता ज्या गटात तळं घ्याचं त्याचा सातबारा,” इंद्रकुमार म्हणाला.

करंजटोल्यात कोणी आपले शेत गट क्रमांकाने ओळखत नाही. बांध घालून पाडलेल्या धानाच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे बांधीला, नाव असते: बुढीची बांधी, लांबोळी, चिंचेची बांधी. सावित्रीबाईंनी यजमानांना फर्मावले, “चिंचेच्या बांधीचा सातबारा आणा.” गोवर्धनराव घरी गेले, पेटी उघडली आणि कागद घेऊन आले. इंद्रकुमारने आकडे टाकले, कळ दाबली, आणि अर्ज एकदाचा सरकारकडे रवाना झाला.

होळी होऊन गेल्यावर एके दुपारी सून रुचीच्या मोबाईलवर निरोप आला: ‘सोडतीत आपली निवड झाली आहे. पुढील कार्यवाहीसाठी प्रतीक्षा करावी.’ सावित्रीबाईंनी यातले पहिले वाक्य ओसरीवर उभे राहून मोठ्याने वाचले. दुसरे वाक्य इतर लोकांसाठी असावे असे त्यांनी ठरवले.

आमच्याकडे शेतीचे वर्ष अक्षय्य तृतीयेला उजाडते. त्या दिवशी बियाण्याची पूजा होते, सालाचे गडी ठरतात, आणि शेतात कुदळीचा पहिला घाव पडतो. त्या दिवशी कुदळ पडली नाही तर वर्षभर काम रखडते, असे सावित्रीबाईंच्या सासूबाईंचे सांगणे होते, आणि सासूबाईंचे म्हणणे रद्द करणारे शासकीय परिपत्रक अद्याप निघाले नव्हते.

“आई, एकदा इंद्रकुमारले विचारून घेऊ का?” रुचीने भीत भीत म्हटले.

“इंद्रकुमार पंचांग वाचतो का?”

“नाही वाचत जी.”

“मग?”

तृतीयेच्या सकाळी सावित्रीबाईंनी नवी साडी नेसून चिंचेच्या बांधीत नारळ फोडला, कुदळीचे पाच घाव घातले, आणि गोंदियाहून बोलावलेल्या जेसीबीचा चालक मुन्नालाल याला मानाने खूण केली.

“अम्माजी, पूरा करूँ कि थोड़ा?” मुन्नालालने वरून ओरडून विचारले.

“मुन्नालालजी, आमच्या घरात थोडे काही होत नाही.”

सायंकाळी तिथे एक भव्य खड्डा होता. दीड पुरुष खोल, चारही कोपरे काटकोनात, कडेला मातीच्या राशी. सगळे गाव पाहून गेले. देवीदासही आला. त्याने काठावरून चारही बाजूंनी पाहिले, डोके खाजवले आणि म्हणाला, “खड्डा तं बेस झाला काकी. पन खालच्या बांधीत काऊन खोदला? पानी काय चढून जाईन का वर?”

सावित्रीबाईंनी त्याच्या हाती पेढा ठेवला. तोंडात पेढा असलेला माणूस फार वेळ बोलू शकत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी सावित्रीबाई दात घासत असतानाच इंद्रकुमार धावत आला. “आजी, ये क्या कर दिया!”

“काय केले?”

“तळं खोदलं?”

“शेततळ्याचे अनुदान शेततळ्यासाठीच असते ना? की त्यात विहीर खोदायची होती?”

इंद्रकुमार ओसरीच्या पायरीवर मटकन बसला आणि त्याने जे सांगितले त्याचा सारांश असा होता. निवड झाली म्हणजे मंजुरी झाली असे नव्हे. आधी कृषी सहायक जागेवर येतील, न खोदलेल्या जमिनीचा फोटो काढतील. त्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही उमटतील. मग पूर्वसंमतीचे पत्र येईल आणि मगच कुदळ मारायची. पत्राआधी खड्डा दिसला तर अर्ज रद्द. पुन्हा अर्ज, पुन्हा सोडत. यंदाची दिवाळी गेली.

रुची घाबरून पाणी आणायला आत पळाली. सावित्रीबाईंच्या डोळ्यांपुढे मात्र अनुदान नव्हते. त्यांना दिसत होता येत्या कार्तिकातला देवीदासाचा बांध, बांधाखाली उभ्या त्या स्वतः, आणि ‘घ्या न जी काकी’ म्हणत इंजिनाकडे वळलेला देवीदास. ते चित्र पुन्हा पाहण्यापेक्षा त्यांनी काहीही पत्करले असते.

दुपारी ओसरीवर सल्लागारांची बैठक भरली. पोलीस पाटलांचे मत पडले की, खड्डा मेलेली म्हैस पुरण्यासाठी खोदला असे सांगावे. एवढ्या खड्ड्यात गावातल्या सगळ्या म्हशी मावतील, असे कोणीतरी निदर्शनास आणून दिल्यावर त्यांनी आंब्याचे रोप लावण्यासाठी खोदला असे सांगण्याची दुरुस्ती सुचवली. देवीदास दाराशी उकिडवा बसला होता. तो एवढेच म्हणाला, “बुजवून टाका न जी. जमीन होती, परत जमीन होईन.”

उपाय सरळ होता. फक्त तो देवीदासाने सुचवला होता. सावित्रीबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग तोच निर्णय स्वतःच्या शब्दांत जाहीर केला.

मुन्नालालने जेसीबी पुन्हा आणला; पण त्याला काही उलगडेना. “अम्माजी, परसों खोदा, आज भरना है?”

“होय.”

“फिर बाद में खोदना है?”

“होय.”

“यहीं?”

“मुन्नालालजी, तुम्हाला काम पाहिजे की कारण?”

काम झाले. पण खोदलेली माती एकदा मोकळी झाली की पुन्हा आपल्या जागी मावत नाही, हा सृष्टीचा नियम करंजटोल्याला त्या दिवशी समजला. खड्डा भरला आणि वर कमरेएवढा उंच, लांबरुंद, गुळगुळीत उंचवटा उरला. सायंकाळी त्याच्यावर ऊन पडले की तो फारच गंभीर दिसे. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या टोल्यावरच्या, त्या लहान वस्तीतल्या, दोन म्हाताऱ्या रस्त्याने जाता जाता थांबल्या, त्यांनी चपला काढल्या आणि नमस्कार केला. चौथ्या दिवशी तिथे हळदकुंकू दिसले. पाचव्या दिवशी नारळ आला, आणि कोणा बोवाची ही समाधी आहे याविषयी गावात दोन तट पडले. उंचवटा सपाट करायला बोलावलेले मजूर नारळ पाहून मागे सरले. बोवाच्या अंगावर फावडे मारायला कोणी तयार होईना.

सावित्रीबाई स्वतः चालत गेल्या, नारळ उचलला, घरी आणला आणि त्याची चटणी केली. चटणी गोवर्धनरावांनी आधी खावी असे ठरले. ते रात्रभर सुखरूप राहिल्याचे पाहून सकाळी मजूर कामाला लागले. उरलेली माती कुठे टाकावी हा प्रश्न होताच. तर देवीदासाने न बोलावता आपली ट्रॉली आणून उभी केली, सगळी माती आपल्या बांधावर वाहून नेली, आणि शेवटच्या खेपेला उन्हाळी धानाचा तणस, म्हणजे वाळला पेंढा, भरून आणून त्या उघड्या, ताज्या जमिनीवर पसरून दिला. “आता कोनी म्हननार नाही खोदलं म्हून,” तो समाधानाने म्हणाला. सावित्रीबाईंनी मनातल्या मनात एका उपकाराचे तीन केले आणि दातावर दात धरले.

कृषी सहायक आल्या त्या वैशाखाच्या भर उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून, स्कूटीवरून. ओढणी सोडल्यावर आतून पंचविशीची एक हसरी मुलगी निघाली. तिचे नाव खुशबू मेश्राम. सावित्रीबाईंनी तिला आधी गाव विचारले, मग वडील काय करतात ते विचारले, मग जेवण झाले का ते विचारले. तपासणीला आलेली व्यक्ती कोण आणि तपासली जाणारी कोण, हे काही काळ स्पष्ट नव्हते.

“अर्जुनी मोरगावकडची आहे जी आजी, प्रतापगडाजवळची,” खुशबू म्हणाली. “चला, जागा दाखवा. फोटो काढू न झालं.”

रुचीने सगळ्यांना आधीच पढवून ठेवले होते. पोलीस पाटलांनी हवापाण्यावर बोलायचे. देवीदासाने पंच म्हणून उभे राहायचे. गोवर्धनरावांनी गप्प राहायचे, ज्याचा त्यांना सराव होता. आणि सावित्रीबाईंनीही गप्प राहायचे, ज्याचा त्यांना मुळीच सराव नव्हता. तशी शपथ रुचीने त्यांना अक्षरशः पाया पडून घातली होती, आणि त्यांनी ती मान हलवून मान्य केली होती.

चिंचेच्या बांधीत सगळे पोचले. तणस सोन्यासारखा चमकत होता. खुशबूने मोबाईल काढण्याआधी पिशवीतून एक छापील कागद काढला. “आजी, यावर सही लागते. फोटो मग काढते.”

सावित्रीबाईंनी चष्मा लावला. न वाचता सही करणे ही गोष्ट त्यांनी लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती. कागदावर लिहिले होते: ‘मी अर्जदार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर गटात शेततळ्यासाठी यापूर्वी कोणतेही खोदकाम झालेले नाही.’

त्यांनी ते एकदा वाचले. पुन्हा वाचले. रुची त्यांच्या मागे उभी राहून डोळ्यांनी विनवत होती. पाठीला डोळे नसल्यामुळे ते वाया गेले.

“ही सही मी करणार नाही,” सावित्रीबाई म्हणाल्या.

“काऊन जी?” खुशबू दचकली.

“कारण हे खोटे आहे. आपण तणसावर उभ्या आहात. तणसाखाली ताजी माती आहे. अक्षय्य तृतीयेला मी येथे तळे खोदले आणि पाच दिवस झाले, ते सपाट केले.”

पोलीस पाटलांनी वाक्याच्या मध्येच यंदाच्या उकाड्याबद्दल बोलायला सुरुवात केली होती. ते उघड्या तोंडाने थांबले. देवीदासाने टोपी काढून परत घातली.

“आजी,” खुशबू हळूच म्हणाली, “मी हे ऐकलंच नाही असं समजू का?”

“नाही. मी दोनदा सांगेन. फोटोत जमीन सपाट दिसली म्हणून माझे बोलणे सपाट होत नाही. अर्ज रद्द करायचा तर करा. तळ्यात पाणी नसले तरी चालेल; पण त्या पाण्याच्या तळाशी माझी खोटी सही मला नको.”

असे म्हणून त्यांनी कागद परत केला. त्यांचा आवाज एरवीसारखाच खणखणीत होता. पण कार्तिकातला तो बांध आता पुन्हा त्यांच्या नशिबी आला होता, आणि या वेळी त्याला त्या स्वतःच जबाबदार होत्या.

खुशबूने ओठ चावला. तिने मोबाईलवर काहीतरी उघडले, जागेवरच गोल फिरली, चार पावले पुढे गेली, चार मागे आली. कपाळावर आठी पडली.

“आजी, तुमचा अर्ज कोणत्या गटाचा आहे?”

“चिंचेच्या बांधीचा.”

“नंबर?”

सावित्रीबाईंनी यजमानांकडे पाहिले. यजमानांनी जमिनीकडे पाहिले.

“अर्ज तर एकशे बाराचा आहे,” खुशबू म्हणाली. “आणि आपण उभे आहोत एकशे अकरात. एकशे बारा ती.” तिने मोबाईलवरून बोट उचलले आणि वर, टेकाडाच्या कुशीला लागून असलेल्या बांधीकडे दाखवले. त्या बांधीच्या कडेला एक तरणीताठी चिंच उन्हात डुलत होती.

सगळ्यांच्या माना एकाच वेळी गोवर्धनरावांकडे वळल्या.

“आता सातबाऱ्यावर का चिंच लिवलेली असते?” गोवर्धनराव गांगरून म्हणाले. “अन् इथली चिंच तं बाबाच्या टायमालेच पडली. आता चिंच वरच्याच बांधीत आहे न. मी म्हनलं, चिंचेची बांधी म्हंजे तीच असन.”

ते तर्काला धरून होते. फक्त त्या बांधीला गावात सगळे बुढीची बांधी म्हणत, आणि तिला लागूनची, जिच्यात तीस वर्षांत चिंचेचे पानही पडले नव्हते, ती चिंचेची बांधी. अर्ज भरला त्या दिवशी बोटांच्या आणि आकड्यांच्या अपमानाने सावित्रीबाई इतक्या संतापलेल्या होत्या की, तो एकच कागद त्यांच्या नजरेखालून जायचा राहिला होता. पंचेचाळीस वर्षांत गोवर्धनरावांची नेमकी एक चूक निसटली होती.

“म्हंजे खोदलं एका गटात,” देवीदास बोटे मोजत म्हणाला, “अन् अर्ज दुसऱ्याच गटाचा. मग एकशे बारात काय खोदलं कोनी?”

“कोणी नाही,” खुशबू म्हणाली आणि तिचा चेहरा खुलला. “आजी, तुमच्या स्वतःच्या दुसऱ्या गटात तुम्ही खड्डा करा नाही तर डोंगर करा, मले त्याच्याशी काय? मले एकशे बारा दाखवा.”

सगळी वरात वरच्या बांधीत गेली. तिथली जमीन अस्सल जुनी होती. धानाचे कापलेले बुडखे अजून रांगेत उभे होते आणि भेगांत मुंग्या आपल्या कामात होत्या. खुशबूने मूठभर माती उचलून पाहिली, टेकाडाकडे पाहिले. “आणि जागा पण हीच बेस आहे, आजी. टेकडीचं पाणी आपसूक येईन अन् खालच्या सगळ्या बांध्याले आपसूक जाईन. तिथं खाली तुम्ही तळं केलं असतं तर वर पाणी चढवाले इंजिन लागलं असतं.”

देवीदासाने दुसरीकडे पाहून मिशीवरून हात फिरवला.

सावित्रीबाईंनी प्रतिज्ञापत्र पुन्हा मागून घेतले आणि तिसऱ्यांदा वाचले. ‘सदर गटात’ या दोन शब्दांवर त्यांचे बोट बराच वेळ थांबले. त्यात आता तिळभरही खोट नव्हती. त्यांनी संपूर्ण नाव, वळणदार अक्षरात, रेघेच्या बाहेर न जाता लिहिले. पंच म्हणून देवीदासाने खाली सही केली. मग फोटोसाठी त्या चिंचेशेजारी उभ्या राहिल्या, आणि खुशबूने ‘जरा हसा’ म्हणताच, सांगितल्यावर हसण्याची त्यांची पद्धत नसतानाही, हसल्या.

परतताना गोवर्धनराव दहा पावले मागून येत होते. सावित्रीबाई थांबल्या.

“रागावली का?” गोवर्धनरावांनी लांबूनच विचारले.

“पुढच्या वेळी कागद आणायचा असेल,” सावित्रीबाई म्हणाल्या, “तर मला न विचारता आणा.” गोवर्धनरावांना ही ताकीद आहे की बढती, हे घर येईपर्यंत कळले नाही.

पूर्वसंमतीचे पत्र बाराव्या दिवशी आले. मुन्नालालने तिसऱ्यांदा जेसीबी आणला, या वेळी काहीही न विचारता, आणि मृगाच्या आत वरच्या बांधीत तळे तयार झाले.

ज्या संध्याकाळी शेवटची मोजमापे झाली, त्या संध्याकाळी सावित्रीबाई पेढ्यांचा डबा घेऊन देवीदासाच्या घरी गेल्या. आजवर त्या त्याच्या बांधावर गेल्या होत्या, अंगणात कधी आल्या नव्हत्या. देवीदासाने धडपडत खाट ओढली, खाटेवर चादर टाकली, चादरीवरची मांजर हाकलली. त्याची सून पिंकी चहा घेऊन आली.

“देवीदास,” सावित्रीबाई कप हाती घेत म्हणाल्या, “आता तुला पाणी मागायला मी येणार नाही.”

“बरं झालं जी काकी!” तो इतक्या तत्परतेने म्हणाला की त्यांच्या भुवया वर गेल्या. देवीदास ओशाळला. “म्हंजे तसं नाही जी. पानी तं आहेच. पन मले लय भेव वाटे. तुमी बांधाखाली येऊन उभ्या राहिल्या का मले समजेच नाही, आपन बसाव का उभं राहाव, बिडी फेकाव का ठेवाव. तुमी काही बोलाच्या आंधी इंजिन लावाव अन् तिथून पळाव, एवढंच डोक्यात राहे.”

सावित्रीबाईंनी कप खाली ठेवला.

“तुला माझी भीती वाटत होती?”

“लय. अख्ख्या गावालेच वाटते, पन मले जास्ती. माहा बांध लागून आहे न.”

दिवाळीपासून सावित्रीबाईंच्या ताटापाशी येऊन बसणारे काहीतरी उठून, पाय न वाजवता, अंगणाबाहेर निघून गेले. त्या खाटेवर जरा मागे सरकून, पाय वर घेऊन, ऐसपैस बसल्या. मग त्यांनी उरलेला चहा संपवला आणि रिकामा कप पिंकीपुढे धरला.

“पिंकी, अर्धा कप अजून असेल तर दे बाई.”

“सरला जी काकी,” पिंकी म्हणाली. “थांबा, परत मांडते. टाइम लागन.”

“लागू दे,” सावित्रीबाई म्हणाल्या, आणि थांबल्या.